चंद्राबाईच्या पाठवण्या

पाणी गाळून होत आलं होतं. आमच्या जैनांच्या घरात सकाळचं पहिलं काम ते. घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं धरायचं आणि धार बारीक सोडायची. घाई केली की फडकं आत सरकतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. चुलीवर दूध होतं, ह्यांची अंघोळ चालली होती, आणि माजघरात मुलगी मोठ्यानं पाढे म्हणत होती. एवढ्यात परसदाराची कडी वाजली. आमची मोलकरीण कडी वाजवत नाही, दार ढकलून आत येते. ही कडी इतकी हलकी वाजली, की दार उघडलं नाही तरी वाजवणारीची काही तक्रार नसावी.

उघडलं तर चंद्राबाई. कमरेला गाठोडं, पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, चेहरा निम्मा झालेला. मला पाहून ती दोन पावलं मागं सरकली.

"वैनी, वरडू नगा. आन् मी आलीया म्हून काकूस्नी सांगू नगा."

"अगं, तू महाबळेश्वरला ना? कधी आलीस?"

"ते ऱ्हाऊ द्या. वाईच तांदूळ हायत का? पेजंपुरतं. माज्यासाठी न्हाई. शालूबाईला ताप चढलाय, अन्न ठरंना."

शालूबाई म्हणजे कोण, हे मला आठवायला वेळ लागला नाही. पण ती सांगलीत कशी, हे कळेना. आमच्या समजुतीप्रमाणे ती मेढ्याला पुतण्याकडे सुखात होती आणि चंद्राबाई महाबळेश्वरला एका हॉटेलात भांड्याच्या कामाला होती. दोघींचीही ओटी मी माझ्या हातानं भरली होती.

ही ओटीची गोष्ट आधी सांगायला हवी.

लढाईच्या मधल्या वर्षांत धान्य मिळेनासं झालं तेव्हा खटाव-माणाकडची माणसं सांगलीत येऊन पडली. पुरुषांना हळदीच्या वखारीत, स्टेशनात काम मिळे. एकट्या बायकांचे हाल फार. तेव्हा आमच्या महिला मंडळाच्या चंदनबालाकाकूंनी आपल्या यजमानांच्या मागं रिकामी पडलेली हळदीची वखार झाडून घेतली आणि तिथं अशा बायकांची सोय केली. नाव ठेवलं माहेरघर. धान्यसमितीकडून शिधा मिळे, बाकीचं आम्ही घरोघर गोळा करत असू. कुणाचा भाऊ शोधायचा, कुणाचा दीर, कुणाला कुठं काम बघायचं, आणि जागा सापडली की बाईला तिथं पोचवायचं, असा रिवाज.

काकू करारी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथनं कुणी बाई भिकाऱ्यासारखी बाहेर पडायची नाही. लेक सासरी पाठवतो तशी पाठवायची." म्हणून प्रत्येकीची निघताना ओटी भरायची. त्यासाठी गुळेदगुड्डचे हिरवे खण, लाल काठाचे, एकदम गठ्ठ्यानं आणले. विधवांची ओटी भरायची की नाही, यावर मंडळाच्या दोन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. शेवटी काकूच म्हणाल्या, "ओटीतले तांदूळ पोटात जातात. पोटाला कुणी कुंकू विचारत नाही." वाद तिथं मिटला. मला त्या दिवशी काकूंचा अभिमान वाटला होता, आणि अजूनही वाटतो.

पण लेक म्हणून पाठवली, की पुढचे सगळे रिवाजही तिच्यामागून आलेच. एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, पाठवलेल्या बायका कशा आहेत ते एकदा जाऊन बघूया का? काकूंनी हातानंच थांबवलं. "लेकीच्या घरी न बोलावता कोण जातं गं? पाणी तरी घेता येतं का आपल्याला तिथं?" सगळ्या हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. लेकीचं पाठवल्यावर बरं चाललंय असंच धरायचं असतं. उठून बघायला गेलं तर जावयावर संशय घेतल्यासारखं होतं. म्हणून वर्षाच्या सभेत काकू उठून भरलेल्या ओट्यांचा आकडा सांगायच्या, आणि माहेरघर किती चांगलं चाललंय ते सगळ्यांना त्यावरून कळायचं. दर वर्षी आकडा वाढत होता. वखार रिकामी रिकामी होत चालली होती. आणखी काय हवं?

चंद्राबाई त्या आकड्यात दोनदा होती.

ती मूळची वडूजच्या अलीकडच्या एका वाडीची. लहान वयात लग्न झालं. नवरा हंबीरराव पलटणीत. नवऱ्याचं नाव तिनं माझ्यासमोर कधी घेतलं नाही. मला ते तिच्या दिराकडनं आलेल्या निरोपातनं कळलं. सुट्टीला यायचा, महिनाभर राहायचा, जायचा. मूलबाळ झालं नाही. "चौदा वर्सांचा संसार," ती म्हणायची, "आन् सगळा मिळून धरला तर दीड वर्साचा भरंल." सिंगापूर पडलं तेव्हा तो तिकडं होता. पुढं सरकारी कागद आला, बेपत्ता म्हणून. मेला असा नव्हे. त्यामुळे तिनं कुंकू पुसलं नाही आणि घरच्यांनी तिला धड सवाष्णही मानलं नाही. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही हे न कळल्यामुळे तिला कुणी बोलवेनासं झालं.

दीर नाथाजी. त्यानं तिला घराबाहेर काढलं का, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "न्हाई वो. सकाळी पान्याला गेले. आले तर माज्या खोलीत कडबा. पार आढ्यापत्तुर. कुनी मला जा म्हनलं न्हाई, वैनी. त्यो कडबाच म्हनला."

सांगलीत येऊन तिनं वखारीत हळद निवडायचं काम धरलं. तिथं पाय पिवळे झाले ते तसेच. "घ्या, हळद लागली एकदाची," असं म्हणून ती वखारीतल्या बायांना हसवायची. जीभ मोठी तिखट. माहेरघरात कुणी रडायला लागलं की तिच्याशेजारी जाऊन बसायची आणि दिराची नक्कल करायची. रडणारी हसेपर्यंत उठायची नाही.

आम्ही तिला पहिल्यांदा पाठवलं ते वडूजला, भावाकडं. वर्षभरानं ती परत आली. वखारीच्या दारात उभी राहिली तेव्हा मंडळाच्या तीन-चार बायका शिधा मोजत होत्या. त्यातली एक म्हणाली, "अगं बाई, माघारी? काय केलंस तरी काय?" मनात वाईट काही नव्हतं तिच्या. माघारी आलेल्या लेकीला आपल्यात हेच विचारतात. चंद्राबाईनं गाठोडं खाली ठेवलं. पण त्या वेळी आत बसलेल्या प्रत्येक बाईनं तो प्रश्न ऐकला होता.

दुसऱ्यांदा तिला महाबळेश्वरला पाठवलं. ती दिवाळीनंतर गेली. आणि आता पुढच्या वर्षीच्या कार्तिकात, चिखलाच्या पायांनी, माझ्या परसदारी.

मी तांदूळ घेतले, थोडं दूध तांब्यात घेतलं आणि तिच्याबरोबर निघाले. हे टॉवेल गुंडाळून दारात आले. "एवढ्या सकाळी कुठं?" मी म्हटलं, "बघून येते." ह्यांनी चंद्राबाईच्या पायांकडे पाहिलं. "दूध उतू जाणार नाही, मी बसतो," एवढंच म्हणाले.

वाटेत मी विचारलं, "हॉटेल सोडलंस का?"

"हाटेलानं मला सोडलं. पावसाच्या आदी समदं बंद करत्यात तितं. दारंखिडक्यास्नी गवताचे झाप लावून मालक खाली वाईला. मला म्हनले, दसऱ्याला ये. जेठापास्नं दसऱ्यापत्तुर मी कुटं ऱ्हाऊ, ते न्हाई म्हनले." ती हसली आणि खोकली. "तितं पाऊस पडत न्हाई वैनी. आभाळच खाली ऱ्हायाला येतं. दोन रोज वळचणीला काडले, मग उतरले."

"तेव्हाच माहेरघरात का नाही आलीस?"

ती थांबली. रस्त्यात मधोमध थांबली आणि माझ्याकडे बघितलं. "तिसऱ्यांदा? कुठल्या त्वांडानं?"

घाटावरच्या ओवऱ्यांत ती मला घेऊन गेली. नदी खाली गेली होती, पायऱ्यांवर गाळ होता. पावसाळ्यात पाणी वर येईल तसतशा तिथं राहणाऱ्या बायका पायरी पायरीनं वर सरकत गेल्या आणि पाणी उतरलं तशा खाली आल्या, हे तिनं मला हसत सांगितलं, जणू सहलीचं सांगावं तसं. आतल्या ओवरीत शालूबाई निजली होती. तिच्या भोवती चार-पाच जणी. मी आत वाकले आणि तशीच राहिले.

सगळ्यांच्या अंगात हिरव्या खणाच्या चोळ्या होत्या. लाल काठाच्या. विटलेल्या, बगलेत उसवलेल्या, एकीची तर बाही फक्त शिल्लक. पण खण तोच.

"ही वांगीला दिलेली," चंद्राबाई ओळख करून देऊ लागली, "ही कराडच्या मामाकडची. ही एका बागायतदाराच्या मळ्यावर कामाला लावल्याली, तितनं चौथ्या म्हैन्यात सुटली. समद्या आपल्या लेकीच हायत."

पलीकडची एक म्हणाली, "आवं वैनी, चोळी फाटली तरी बदलली न्हाई. न्हाईतर तुमी आमास्नी वळकलं नसतं." आणि त्या सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

चंद्राबाईनं नको म्हणून विनवलं होतं, तरी मी दुपारी काकूंना घाटावर घेऊन गेले. दुसरा उपाय नव्हता. शालूबाईचा ताप उतरत नव्हता. काकूंचं वय झालेलं, पायऱ्या उतरताना माझा हात घट्ट धरला होता. ओवरीशी पोचल्या, एकेकीकडे बघितलं, आणि खाली पायरीवरच बसल्या. गाळात, पांढऱ्या लुगड्यानिशी.

"शालू," त्या म्हणाल्या, "तुला पुतण्यानं ठेवलं नाही?"

शालूबाईला बोलवत नव्हतं. चंद्राबाईच बोलली, "ठिवलं व्हतं. त्येची बायकू बाळंत हुईपत्तुर ठिवलं."

"मग माहेरघर होतं ना! लेक म्हणून पाठवलं होतं. लेक आईकडे येत नाही?"

"काकू, लेक म्हनलात तितंच घोळ झाला," चंद्राबाई हळू आवाजात म्हणाली. "वाटसरू म्हनला असता तर कवाबी आलो असतो. वाटसरू माघारी आला तर त्येला कोन इचारतं, काय केलंस म्हून? लेक आली की आईच्या तोंडाकडं लोक बगत्यात. तुमी सभेत उठून आकडा सांगता. आमी आलो की त्यो आकडा खोटा पडतो. तुमाला खाली बगाय लावायचं व्हय आमी? तांदूळ खाल्ल्यात तुमचं."

काकू माझा हात धरून उठल्या. मग म्हणाल्या, "उठा सगळ्या. चला."

त्या दिवशी वखार पुन्हा भरली. शालूबाई मात्र तिथं दोनच रात्री राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तापातच गेली. तिच्या पुतण्याला मेढ्याला निरोप धाडला होता. कुणी आलं नाही. काकूंनी तिचं सगळं केलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "माझ्या आकड्यात ही सुखी होती."

मग आम्ही ते केलं, जे आधीच करायचं होतं. हळदीचे आडते, सर्व्हिस मोटारीचे ड्रायव्हर, ह्यांच्या ओळखीचे फिरते व्यापारी, जो जो त्या बाजूला जाणार असेल त्याला गाठायचं. अमक्या गावात अमकी बाई आम्ही पाठवली होती. ती आहे का, कशी आहे, एवढंच बघून या. ह्यांनी तर पेठेत सगळ्यांना इतकं पिडलं, की एक आडत्या म्हणाला, "शेट, हळदीचा भाव नंतर सांगतो, आधी तुमच्या लेकीची खुशाली घ्या." निरोप येत गेले. काही चांगले होते. खानापूरकडं दिलेली एक बाई शेळ्या राखून होती, तिनं उलट आम्हाला शेंगा पाठवल्या. एकीनं पुन्हा घर मांडलं होतं. पण निम्म्याहून जास्त जणी जिथं पाठवल्या तिथं नव्हत्या. काही गावातल्या लोकांनी तर सांगितलं, अशी कुणी बाई आम्ही बघितलीच नाही. त्या कुठं गेल्या ते आजही कळलेलं नाही.

त्या वर्षी वर्षाच्या सभेला धान्यसमितीचे साहेब आले होते. लढाई संपली होती. अशा जागांचा शिधा चालू ठेवायचा की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. मी काकूंना आदल्या दिवशी विचारलं होतं, "काय सांगणार?" सभेत त्या उठल्या. पाठवल्या किती ते सांगितलं. मग टिकल्या किती ते सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि शालूबाई वारली." आणि बसल्या. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

साहेब सभ्य माणूस होते. त्यांनी चहा बाजूला ठेवला. "बाई, तुम्ही खरं सांगितलंत, मला आदर वाटतो. पण मला वर लिहायचं आहे. निम्म्या बायका परत येतात, तर या खर्चानं साधलं काय?"

काकू म्हणाल्या, "दवाखान्यातनं बरा होऊन गेलेला माणूस पुन्हा आजारी पडला, तर तुम्ही दवाखाना बंद करता का?"

"दवाखाना नाही करत," साहेब म्हणाले. "पण औषध बदला म्हणतो."

"मग बदलायला वेळ द्या."

त्यांनी दिला तो गुढीपाडव्यापर्यंतचा. तोवर सगळ्यांची सोय करावी, पुढं शिधा नाही. नुसते भरल्या ओट्यांचे आकडे सांगितले असते तर आणखी एक वर्ष सहज मिळालं असतं, असं नंतर मंडळातल्या एकीनं बोलून दाखवलं. काकूंनी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

चंद्राबाई तोवर वखारीतच होती. थंडीत खोकला वाढला. सिंगापूरकडं जपान्यांच्या कैदेतनं सुटलेले शिपाई गावोगाव परत येऊ लागले होते. तिकडनं कुणी आला असं कानावर आलं, की ती काम टाकून चौकशीला जायची. एकानं सांगितलं, हंबीररावाला कैदेत पहिल्या वर्षी पाहिलं होतं, पुढचं माहीत नाही. ती येऊन माझ्या ओट्यावर बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "पयल्या वर्साला व्हते म्हंजी माज्या कडब्याच्या येळला जित्ते व्हते." एवढंच. पुढं तिनं चौकशीला जाणं थांबवलं. कुंकू लावणं थांबवलं नाही.

पाडवा जवळ आला तशी एकेकीची जागा बघू लागलो. या खेपेला आधी माणूस पाठवून जागा बघून घेतली. चंद्राबाईसाठी मेढ्याच्या वर डोंगरात एक घर मिळालं. बनुबाई नावाची एकटी म्हातारी, दिसत नाही, दोन म्हशी आहेत, सोबतीला बाई हवी. ह्यांच्या ओळखीचा एक व्यापारी बघून आला होता. घर कोरडं आहे, म्हातारी बोलायला बरी आहे, असं सांगितलं. पण म्हातारी गेली तर पुढं काय, हे कुणाला विचारायचं? आम्ही विचारलं नाही, चंद्राबाईनंही विचारलं नाही. खोकला तेवढा डोंगरात वाढायला नको, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "खोकला हाय म्हनून तर म्हातारीला कळंल मी कुटं हाय ते. तिला दिसत न्हाई न्हवं."

सकाळी सर्व्हिस मोटार निघायची होती. वखार जवळजवळ रिकामी होती. कोपऱ्यात जुन्या हळदीचा वास अजून होता. काकूंनी ताट आणलं. तांदूळ, नारळ, सुपारी. खण संपले होते. काकूंनी स्वतःच्या पेटीतला एक काढला होता, निळा. चंद्राबाई पाटावर बसली, पदर पसरला. काकू ओटी भरू लागल्या. तांदूळ थोडे खाली सांडले, ते चंद्राबाईनं वेचून पुन्हा ओटीत घेतले.

काकू म्हणाल्या, "चंद्रा, मला तुला लेक म्हणायची आता लाज वाटते. पण दुसरं काय म्हणू ते येत नाही. तुला काय हवं ते माग. लुगडं देऊ? घोंगडी देऊ? डोंगरात थंडी असते."

"घोंगडी हाय."

"मग?"

ती ओटी सावरत उठली. काकूंच्या पाया पडली, माझ्या पडू लागली तेव्हा मी तिला धरलं. बाहेर मोटारवाल्यानं भोंगा वाजवला.

"काकू, एक करा," ती म्हणाली. "दोन-तीन म्हैन्यांनी कुनालातरी धाडा. मी बोलावनं धाडनार न्हाई, मला तितनं धाडायला कोन हाय? न बोलवता या. घरात नगा येऊ, पानी नगा घिऊ. दारातनंच बगा, मी हाय का न्हाई ते. तेवढं बगून जावा."